सगळ्या ऋतूंचे टायर

परवा आमच्या सिंदीला तान्हा पोळा झाला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा पोळा आणि दुसऱ्या दिवशी लेकरांच्या लाकडी बैलांचा. कोणाचा बैल वीतभर तर कोणाचा पुरुषभर उंच, पण पायाखाली चाकं असतातच. दोरी ओढत पोरं घरोघरी येतात. बैलाला ओवाळायचं आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवायचा. गुडघ्यांमुळे आता माझं गावात फिरणं होत नाही, म्हणून ओट्यावर खुर्ची टाकून, दहा-वीसच्या नोटा घेऊन बसले होते.

तेवढ्यात एक जण चारेक वर्षांच्या मुलाला घेऊन आला. मुलाच्या बैलाचं एक चाक सारखं निसटत होतं आणि बैल एका अंगावर फरफटत होता. बाप पाया पडला आणि म्हणाला, "बाई, ओळखलं का?" ओळखलं. माझ्याकडे मराठी शिकलेला, निबंधाचा शेवटचा परिच्छेद नेहमी गाळणारा. नोव्हेंबरमध्ये बायकोमुलाला घेऊन कॅनडाला चालला आहे, विनिपेगला. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग त्याने विचारलं,

"बाई, तुम्ही तिकडे राहून आल्या ना, म्हणून विचारतो. गेल्याबरोबर जुनी गाडी घ्यावीच लागते म्हणतात. तिला ऑल सीझन टायर असतेच. मग हिवाळ्याचे टायर वेगळे कायले घ्यायचे? एवढा खर्च खरंच लागते का?"

माझ्या हातातली बशी हातातच राहिली. हेच वाक्य, जवळपास याच शब्दांत, एकदा मी बोलले होते.

पोरांच्या गलबल्यात त्याला जे सांगितलं ते तुटक झालं. म्हणून आज सवडीने लिहिते आहे. सिंदीत बसून बर्फातल्या टायरवर लिहिणारी बाई म्हणून हसलात तरी चालेल. पण आपल्या नात्यातलीच चार-पाच मुलं थंड मुलखात आहेत. त्यांनी वाचावं, आणि त्यांच्या आईवडिलांनी तर जरूर वाचावं. का ते पुढे येईलच.

माझा धाकटा ओटाव्याला असतो. हे गेल्यानंतर, २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये, मी सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेले. त्या वर्षी ७ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. पुढच्या शनिवारी तिथली मराठी मंडळी एका हॉलमध्ये फराळाला जमली. चकल्या खाता खाता सगळे एकमेकांना विचारत होते, "टायर झाले का?" आपल्याकडे उन्हाळ्यात "गहू भरले का, तिखट झालं का" असं विचारतात ना, अगदी त्याच सुरात. मला गंमत वाटली.

घरी येताना मी मुलाला विचारलं, हे काय प्रकरण आहे? तो म्हणाला, "आई, इथे थंडीत गाडीचे चारही टायर बदलतात. एप्रिलच्या सुमाराला परत पहिले लावतात. मीही यंदा घ्यावे म्हणतो." किंमत विचारली तर रिमसकट हजार डॉलरच्या वर. मी मनातल्या मनात पंचावन्नने गुणलं. माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांचा सगळा पगार झाला हो तो!

गाडी त्याने त्याच वर्षी घेतलेली होती, वापरलेली, पण टायर जवळजवळ नवे. मी खाली वाकून वाचलं तर इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं, ऑल सीझन. मग काय, मास्तरीणबाईंना मुद्दा सापडला. म्हटलं, "अरे, नावातच सगळे ऋतू आले की. आहेत ते धडधाकट टायर काढून दुसरे लावायचे, ही श्रीमंतांची खुळं. असतील ते चालव, पुढच्या वर्षी बघ." ह्यांच्या आजारपणात त्याने बराच खर्च उचलला होता, तेही माझ्या डोक्यात होतं. वाटलं, आपण त्याचे पैसे वाचवतो आहोत. त्याने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "ठीक आहे, पुढच्या वर्षी बघू." सून काही बोलली नाही. तिला पटलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं होतं.

डिसेंबर तसाच गेला. बर्फ पडायचा, रस्ते साफ व्हायचे, मीठ टाकायचे, गाड्या चालायच्या. दर आठवड्याला मला वाटायचं, बघा, आपण बरोबर होतो.

जानेवारीतली एक संध्याकाळ. नातीला पोहण्याच्या क्लासहून घेऊन आम्ही परत येत होतो. तो पुढे, ती आणि मी मागे. बाहेर उणे अठरा. त्या दिवशी बर्फ पडतही नव्हता. रस्ता काळा दिसत होता, थोडा चकाकत होता इतकंच. उतार होता आणि खाली सिग्नल. लाल दिवा त्याने लांबूनच पाहिला, ब्रेक लावला, आणि गाडी थांबलीच नाही. जोरात गेली असंही नाही. सावकाश, एखादी परात फरशीवरून सरकावी तशी ती सरकत राहिली. पायाखालून ब्रेकचा खडखड आवाज येत होता. थांबायची पांढरी रेघ मागे गेली आणि आम्ही चौकाच्या मधोमध गेलो. डावीकडून बस येत होती. तिच्या चालकाने लांबून पाहिलं असावं, तिने हॉर्न वाजवला आणि ती थांबली. माझ्या खिडकीतून बसच्या दिव्यांखेरीज काही दिसत नव्हतं.

कोणाला काही झालं नाही. गाडीला ओरखडासुद्धा नाही. नातीने विचारलं, "आजी, आपली गाडी घसरगुंडी खेळली का?" मुलगा पुढे घेऊन एका बाजूला थांबला आणि दोन मिनिटं नुसता बसून राहिला. त्याचे हात स्टिअरिंगवरच होते. घरी येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, घरी आल्यावरही मला काही म्हणाला नाही. तो काही म्हणाला असता तर बरं झालं असतं. मी त्या रात्री झोपले नाही. हजार डॉलर म्हणजे किती रुपये, हा हिशोब मी फार चोख केला होता. दुसऱ्या बाजूला काय ठेवलं आहे, ते मोजलंच नव्हतं.

शनिवारी तो टायरच्या दुकानात निघाला तेव्हा मी म्हटलं, मीही येते. तिथला मिस्त्री पंजाबी होता, माझ्याच वयाचा. मी मोडक्या हिंदीत त्याला विचारलं, यावर सगळे ऋतू लिहिलं आहे, मग हे थंडीत का चालत नाहीत? तो हसला नाही. बाहेर थंडीत उभ्या असलेल्या आमच्या गाडीच्या टायरवर त्याने माझा अंगठा दाबायला लावला, मग तिथेच शेजारी ठेवलेल्या हिवाळी टायरवर. पहिला लाकडासारखा. दुसरा तेवढ्याच थंडीत होता, पण खोडरबरासारखा दबला. म्हणाला, "बहनजी, रबर ठंड में पत्थर हो जाता है."

तिथून पुढे मी त्या विषयाच्या मागेच लागले. सून मजेत म्हणायची की आईंना परीक्षेला बसायचं आहे.

समजलं ते असं. टायर रस्ता धरतो तो नरमपणामुळे. रस्ता आपल्याला गुळगुळीत दिसला तरी त्यावर बारीक खाचखळगे असतात, आणि नरम रबर त्यात बसतं. थंडी वाढली की रबर कडक होतं आणि पकड सुटते. कॅनडाचं वाहतूक खातंही सांगतं की पारा ७ अंशांच्या खाली गेला की ऑल सीझन टायरचा लवचिकपणा कमी व्हायला लागतो. लक्षात घ्या, शून्य नाही, ७ अंश. म्हणजे बर्फ नसला, रस्ता कोरडा असला तरीही. मी मात्र "अजून बर्फ कुठे पडला" म्हणत बसले होते.

हिवाळी टायरचं रबर वेगळं कालवलेलं असतं, कडाक्याच्या थंडीतही ते नरम राहतं. शिवाय त्याच्या नक्षीत सुरीने कापल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फ पकडतात. पण हाच टायर उन्हाळ्यात वापरला तर लवकर झिजतो आणि ब्रेकही नीट लागत नाही. म्हणून ती दोनदा बदलाबदल.

हे सगळं ऐकताना मला आमच्या लहानपणची बंडी आठवली. लाकडी चाकावर लोखंडाची धाव चढवायची तो दिवस. गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करायची, म्हणजे ती फुगते. मग सांडशीने धरून चाकावर बसवायची आणि घाईघाईने पाणी ओतायचं. चर्र आवाज, वाफेचा लोट, आणि थंड होता होता धाव आवळून चाक घट्ट धरते. लोखंडाला थंडी उपयोगी पडली, रबराला तीच नडली. आमच्या लोहाराला हे सांगितलं असतं तर त्याला एका वाक्यात कळलं असतं. बी.ए. झालेल्या मला कळायला बस अंगावर यावी लागली.

मग हे "ऑल सीझन" नाव आलं कुठून? अमेरिकेत १९७७ च्या सुमारास गुडइयर कंपनीने टिएम्पो नावाचा टायर काढला, तिथपासून हा प्रकार लोकप्रिय झाला. वर्षातून दोनदा टायर बदलायची कटकट नको, हा त्याचा हेतू. जिथे बर्फ अधूनमधून पडतो आणि थंडी बेताची असते, तिथे तो चालतोही. फक्त हे सगळे ऋतू कोणत्या गावचे, ते टायरवर लिहिलेलं नसतं. आमच्या सिंदीत पारा १० अंशांवर आला की आम्ही शेकोट्या पेटवतो आणि शाळेत पोरं कुडकुडतात. ओटाव्यात जानेवारीच्या रात्री उणे १५ म्हणजे नेहमीचंच. विनिपेग तर त्याहून थंड. खरा हिवाळी टायर फिनलंडमध्ये जन्मला, १९३४ मध्ये, तोही मालमोटारींसाठी. दोन वर्षांनी मोटारींसाठी निघाला. ज्यांच्या दारात बर्फ, त्यांनाच ते सुचणार.

आता माझ्या विद्यार्थ्यासाठी आणि तुमच्यासाठी, काय बघायचं ते सांगते.

टायरच्या बाजूवर वाचायला शिका. 'एम' आणि 'एस' ही अक्षरं, मध्ये बेरजेची खूण, म्हणजे चिखल आणि बर्फ. बहुतेक ऑल सीझन टायरवर ती असतात, आमच्याही होती. पण ती खूण नक्षीच्या ठेवणीवरून मिळते, बर्फावर चालवून परीक्षा घेतलेली असेलच असं नाही. दुसरी खूण तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचा कण, अशी असते. ती १९९९ पासून आहे आणि दाबलेल्या बर्फावर ठरावीक चाचणी पास झालेल्या टायरलाच मिळते. आपल्याला हवी ती ही. तरी तीही सर्वज्ञ नाही. ती चाचणी बर्फावरच्या पकडीची आहे, काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर थांबण्याची नाही.

ओटाव्याची एक गंमत सांगते. गावाच्या कडेला नदी आणि पलीकडे गातिनो, म्हणजे क्यूबेक प्रांत. पुलाच्या त्या टोकाला २००८ पासून कायदा आहे की तिथे नोंदलेल्या मोटारींना थंडीत हिवाळी टायर लावलेच पाहिजेत. आता ती मुदत १ डिसेंबर ते १५ मार्च आहे.  २०१४ पासून डोंगराची खूण लागते. पुलाच्या या टोकाला, ओंटारिओत, सक्ती नाही. थंडी मात्र दोन्हीकडे सारखीच. ओंटारिओत २०१६ पासून विमा कंपन्यांना हिवाळी टायर लावणाऱ्यांना सवलत द्यावी लागते. मी सल्ला देताना हेही विचारलं नव्हतं.

मधला एक मार्ग आहे, 'ऑल वेदर'. नाव इतकं सारखं की घोटाळा व्हावाच. ऑल सीझन वेगळा, ऑल वेदर वेगळा. ऑल वेदरवर डोंगराची खूण असते आणि तो बारा महिने ठेवता येतो. माझी भाची व्हँकुव्हरला राहते, तिने तेच लावले आहेत. शहरात थंडी सौम्य आहे, कधी डोंगराकडे जावं लागलं तर तिथल्या महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून हिवाळी खुणेचे टायर लागतात, तेही भागतं. तिच्यासाठी ते बरोबर आहे. पण विनिपेगसारख्या ठिकाणी, जिथे महिनोन् महिने रस्ता गोठलेला, तिथे पूर्ण हिवाळीच घे, असं मी त्याला सांगितलं.

चारही टायर सारखे हवेत. पैसे वाचवायला दोनच घेतले आणि पुढे लावले, तर पुढचं अंग रस्ता धरतं आणि मागचं घसरून गाडी गिरकी घेते. चारही चाकांना जोर देणारी गाडी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ती बर्फातून निघायला मदत करते, थांबायला नाही. टायर गोटा व्हायची वाट पाहू नये. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी पुरते, पण बर्फासाठी ४ मिलिमीटरच्या जवळ आलेला टायर वापरू नका, असं तिथलं वाहतूक खातं सांगतं. जुने टायर घ्यायचे झाले तर बाजूवर चार आकडे शोधावेत. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ३५१६ म्हणजे २०१६ सालचा पस्तिसावा आठवडा. रबर नुसतं ठेवूनही म्हातारं होतं, आपल्यासारखंच. आणि थंडीने हवा उतरते, दर पाच-सहा अंशांना साधारण एक पौंड. म्हणून महिन्याला हवा तपासायची.

खर्चाचं म्हणाल तर मिस्त्रीने मला जो हिशोब शिकवला तो सोपा आहे. हिवाळी टायर चालतात तेव्हा दुसरे घरात पडून असतात, झिजत नाहीत. दोन जोड घेतले तरी दोन्ही जास्त वर्षं पुरतात. दुप्पट खर्च वाटतो तेवढा होत नाही. मुलगा हे नोव्हेंबरातही जाणत होता. मी त्याला बोलू कुठे दिलं?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या दिवशी हिवाळी टायर असते तर गाडी रेघेच्या आत थांबली असती का? मी मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, लवकर थांबली असती एवढं नक्की, कुठे ते देव जाणे. गोठलेल्या रस्त्यावर कोणत्याही टायरने सावकाशच जावं. नवे टायर लावल्यावर मुलगा त्या उताराला लागला की आधीपासूनच वेग कमी करायचा. मी मागे बसून डोळे मिटून घ्यायचे. एप्रिलपर्यंत माझी ती सवय गेली नाही.

इकडे परत आले तर इथलं दुखणं उलट. आपल्याकडे उन्हाने रस्ता तापतो आणि टायर फुटतात. नागपूर-शिर्डी समृद्धी महामार्ग २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला. आपल्या जिल्ह्यातूनच जातो. त्यावर टायर फुटून अपघात व्हायला लागले, तेव्हा २०२३ मध्ये परिवहन खात्याने गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली. त्या बातम्या वाचताना मला उणे अठरामधली ती संध्याकाळ आठवायची. गोटा झालेल्या टायरवर सहकुटुंब निघालेल्या माणसालाही घरातल्या कोणीतरी सांगितलेलं असणार, "चालतील अजून."

आपली पिढी काटकसरीत वाढली, त्याचा मला अभिमान आहे. फाटलेलं शिवून वापरलं म्हणून मुलं शिकली. पण आपल्या काटकसरीचं माप आपल्या गावच्या हवेचं आहे. मुलं ज्या हवेत राहतात तिथे ते जसंच्या तसं लावायला गेलं की असं होतं. मुलगा परक्या देशात सहा वर्षं राहिलेला, आणि सल्ला देणारी मी, येऊन तीन आठवडे झालेली. तरी त्याने ऐकलं, कारण आई म्हणाली. याचं मला अजून वाईट वाटतं. आपलं म्हणणं मुलं आदरापोटी मान्य करतात तेव्हा ते बरोबरच असतं असं नाही, हे चौतीस वर्षं शिकवूनही मला कळलं नव्हतं.

असो. तो विद्यार्थी निघाला तेव्हा लेकराच्या बैलाचं चाक पुन्हा निसटलं. खिळा सैल झाला होता. बापाने अंगणातला दगड घेऊन दोन ठोके घातले, आणि बैल सरळ चालायला लागला. मी त्याला दोन नोटा जास्त दिल्या.

रात्री ओटाव्याला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. मुलगा हसला. म्हणाला, "आई, तू अजून तेच धरून बसली का? निर्णय माझा होता." मी काही बोलले नाही. मग तोच म्हणाला, "त्याला एक सांगायचं राहिलं असेल बघ. पहिला बर्फ पडला की सगळं गाव दुकानात धावते. पोचल्या पोचल्याच नंबर लावून ठेव म्हणा."

खरंच राहिलं होतं. म्हणून आज सकाळी त्याला फोन करून तेवढं सांगितलं, आणि मग हे लिहायला बसले.